कंपायल झाला, आता चालवायचा कसा? : प्रस्तावना

प्रोग्रॅमिंग शिकवणारी बहुतेक पुस्तके एका ठरावीक जागी थांबतात. विद्यार्थ्याने प्रोग्रॅम लिहिला, कंपायलरने तो स्वीकारला, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत अपेक्षित उत्तर उमटले आणि प्रकरण संपले. ही पुस्तिका नेमकी तिथून सुरू होते. हार्ड डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये आता एक नवी फाइल आहे. ती विद्यार्थ्याने स्वतः घडवलेली आहे. फाइल मॅनेजर उघडून तिच्या चित्रावर दोनदा क्लिक केले, तर ती चालेल का? पेन ड्राइव्हवर घालून शेजारच्या मुलीला दिली, तर तिच्याकडे चालेल का? नाही चालली, तर कारण कुठे शोधायचे?

हे प्रश्न किरकोळ समजून वर्गात सोडून दिले जातात. माझ्या मते शिक्षणाचा कस इथेच लागतो. प्रोग्रॅम आपल्या टर्मिनलमध्ये चालणे आणि तो कुणाही माणसाला डबल-क्लिकने चालवता येणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर ओलांडताना फाइलची परवानगी, फाइलची ओळख, चालू फोल्डर, पडदा आणि विश्वास या पाचही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. त्या समजल्या की ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे व्याख्या पाठ न करता कळते.

पुस्तिकेतली उदाहरणे कुंभकोणमच्या विद्यार्थ्याला समोर ठेवून बेतली आहेत, आणि त्याला कारण आहे. कावेरीकाठच्या या गावाला शिक्षणाची जुनी परंपरा आहे. इथल्या सरकारी महाविद्यालयाची सुरुवात १८५४ सालची. श्रीनिवास रामानुजन इथल्याच सारंगपाणी संनिधी रस्त्यावरच्या घरात वाढले आणि टाउन हायस्कुलात शिकले. मराठी वाचकाचेही या गावाशी नाते आहे. तंजावरच्या भोसले राजवटीबरोबर दक्षिणेत स्थिरावलेली मराठी घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. घरात मराठी, बाजारात तमिळ आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारी मुले इथे आजही आहेत.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. तमिळनाडू सरकारने २०११ साली शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. त्या लॅपटॉपांवर विंडोजसोबत सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने विकसित केलेली बॉस लिनक्सही होती. पुढे राज्याच्या अकरावीच्या संगणकशास्त्राच्या पुस्तकात विंडोजबरोबर उबुंटूची ओळख आली. बारावीच्या पुस्तकात तर एक अख्खे प्रकरण असे आहे, की त्यात पायथॉनचा छोटा प्रोग्रॅम जी++ हा कंपायलर बोलावतो, सी++ची फाइल कंपायल करून घेतो आणि तयार झालेला प्रोग्रॅम चालवतो. म्हणजे कंपायल करणे आणि चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या मुलांना क्रमिक पुस्तकातच भेटते. पाया घातलेला आहे. त्यापुढचे फाइल मॅनेजरचे पाऊल या पुस्तिकेत आहे.

सगळ्या प्रकरणांतून एकच उदाहरण पुढे नेले आहे, आणि ते रामानुजनांच्या गणितातले आहे. एखादी संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेने किती प्रकारे मांडता येते? ४ ही संख्या पाच प्रकारे मांडता येते: ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१. १० साठी असे ४२ प्रकार आहेत, १०० साठी १९,०५,६९,२९२. रामानुजन आणि हार्डी यांनी १९१८ साली या मोजणीचे सूत्र प्रसिद्ध केले, तेव्हा ते पडताळण्यासाठी मेजर मॅकमॅहन यांनी २०० पर्यंतचे कोष्टक हाताने तयार करून दिले होते. २०० चे उत्तर आहे ३९,७२,९९,९०,२९,३८८. आज सी++मध्ये दोन लूप आणि एक ॲरे वापरून हे उत्तर निमिषात मिळते. फक्त साध्या इंट प्रकारात ते मावत नाही, लाँग लाँग घ्यावा लागतो. विद्यार्थी हा प्रोग्रॅम लिहितो, ‘विभाजन’ नावाने कंपायल करतो, टर्मिनलमध्ये चालवतो आणि उत्तर बरोबर येते. मग तो फाइल मॅनेजरमध्ये जाऊन त्याच फाइलवर डबल-क्लिक करतो. पडद्यावर काहीही होत नाही.

पहिला धडा इथेच मिळतो. प्रोग्रॅम बहुधा चालला आहे, उत्तरही छापले गेले आहे. ते दाखवायला खिडकी नव्हती, एवढेच. विंडोजच्या प्रोग्रॅम-फाइलीत सुरुवातीच्या माहितीत एक रकाना असतो. हा प्रोग्रॅम खिडक्यांचा आहे की कन्सोलचा, ते त्यात नोंदलेले असते. कन्सोलचा असेल, तर विंडोज आपणहून काळी खिडकी उघडते आणि प्रोग्रॅम संपताच ती मिटते. म्हणून उत्तर झळकून नाहीसे होते. टर्बो सी++वर शिकलेल्या पिढीने प्रोग्रॅमच्या शेवटी गेटसीएच लिहिण्याची सवय लावून घेतली, ती पडदा अशाच तऱ्हेने निसटू नये म्हणून. लिनक्सच्या ईएलएफ पद्धतीच्या फाइलीत असा रकानाच नाही. फाइल मॅनेजरला प्रोग्रॅम चालवता येतो, पण त्याला टर्मिनल हवे की नको, हे फाइलीकडे पाहून सांगता येत नाही. छापलेला मजकूर कुणाला न दिसता सिस्टिमच्या नोंदींत जाऊन पडतो. टर्मिनल हवे असेल, तर ते बाहेरून सांगावे लागते.

दुसरा धडा परवानगीचा. युनिक्सच्या परंपरेत प्रत्येक फाइलीवर वाचणे, लिहिणे आणि चालवणे या तीन परवानग्यांच्या खुणा असतात. कंपायलर प्रोग्रॅम तयार करतो, तेव्हा चालवण्याची खूण तोच उठवतो, त्यामुळे स्वतःच्या संगणकावर विद्यार्थ्याला ही गोष्ट जाणवतच नाही. अडचण येते ती पेन ड्राइव्हवर. आपल्याकडचे बहुतेक पेन ड्राइव्ह एफएटी पद्धतीने मांडलेले असतात आणि त्या पद्धतीत या खुणा साठवायला जागाच नाही. लिनक्सचे डेस्कटॉप असा पेन ड्राइव्ह जोडताना सहसा एक ढोबळ नियम लावतात: नावाच्या शेवटी ईएक्सई, कॉम किंवा बॅट असेल, तरच फाइल चालवण्याजोगी मानायची. साहजिकच ‘विभाजन’ नावाची फाइल पेन ड्राइव्हवर जाताच नुसती माहितीची फाइल ठरते. ती दुसऱ्या संगणकावर उतरवून घेतली, तरी खूण परत येत नाही. गुणधर्मांच्या खिडकीत जाऊन ‘प्रोग्रॅम म्हणून चालवण्यास परवानगी द्या’ हा पर्याय निवडावा लागतो, किंवा टर्मिनलमध्ये सीएचमॉडची आज्ञा द्यावी लागते. प्रयोगशाळेत ‘माझ्याकडे चालतो, तिच्याकडे चालत नाही’ अशा ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या अनेकांचे मूळ या एका खुणेत सापडते.

तिसरा धडा ओळखीचा आहे, आणि पुस्तिकेतले सर्वांत मोठे प्रकरण त्याला दिले आहे. विंडोज फाइल ओळखते ती नावाच्या शेपटीवरून. लिनक्समध्ये प्रोग्रॅमला शेपटी लागत नाही, म्हणून फाइल मॅनेजर आत डोकावून पाहतो. ईएलएफ फाइलीचे पहिले चार बाइट ठरलेले असतात: एक विशिष्ट खूण आणि त्यापुढे ई, एल, एफ ही अक्षरे. सतराव्या बाइटपासून फाइलीची जात सांगणारा आकडा येतो. २ म्हणजे चालवायचा प्रोग्रॅम आणि ३ म्हणजे इतर प्रोग्रॅमना सामाईक वापरता येणारी लायब्ररी. वर्षानुवर्षे हा भेद पुरेसा होता.

पुढे सुरक्षिततेची एक गरज उभी राहिली. प्रोग्रॅम दर वेळी मेमरीत त्याच पत्त्यावर उतरत असेल, तर हल्लेखोराला त्याचा अंदाज बांधता येतो. यावर उपाय म्हणून प्रोग्रॅम असा रचायचा, की तो मेमरीत कुठेही उतरवला तरी चालावा. या रचनेला पीआयई म्हणतात. लायब्रऱ्या मुळातच अशा रचलेल्या असल्याने या नव्या प्रोग्रॅमांवरही ३ हाच आकडा पडला. २०१६च्या ऑक्टोबरात आलेल्या उबुंटू १६.१० पासून आणि २०१७च्या डेबियन ९ पासून कंपायलर न सांगताच असे प्रोग्रॅम बनवू लागला. परिणाम असा झाला, की विद्यार्थ्याने लिहिलेला साधा प्रोग्रॅम फाइल मॅनेजरला ‘शेअर्ड लायब्ररी’ दिसू लागला, आणि डबल-क्लिक केल्यावर ‘या प्रकारच्या फाइली उघडणारे ॲप्लिकेशन नाही’ असा निरोप येऊ लागला. टर्मिनलमध्ये तोच प्रोग्रॅम बिनतक्रार चालत होता. कंपायल करताना ‘नो-पीआयई’ हा पर्याय देऊन वाट काढता येत होती, पण ती सुरक्षितता सोडून काढलेली वाट होती. पुढे या जातीला स्वतंत्र ओळख मिळाली. ही हकीगत मी तपशिलाने सांगतो आहे, कारण तिच्यात कुणी चुकीचे काम केले नव्हते. कंपायलर सुरक्षित झाला, ते योग्यच होते. फाइल मॅनेजर आकड्यावर विश्वास ठेवून चालला होता, तेही तर्काला धरून होते. दोन बरोबर निर्णय एकमेकांसमोर आले आणि भुर्दंड नवशिक्याला पडला. मोठ्या यंत्रणा कशा अडखळतात, हे शिकवायला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

चौथा धडा जागेचा. समजा, विद्यार्थ्याने प्रोग्रॅममध्ये सुधारणा केली. आता तो त्याच फोल्डरमधली ‘संख्या’ नावाची फाइल वाचतो आणि तिच्यातल्या प्रत्येक आकड्याचे उत्तर काढतो. टर्मिनलमध्ये तो त्या फोल्डरमध्ये उभा राहून आज्ञा देतो, म्हणून फाइल सापडते. फाइल मॅनेजरमधून चालवल्यावर चालू फोल्डर बहुधा वापरकर्त्याचे होम फोल्डर असते, आणि ‘संख्या’ तिथे नसते. विंडोजचा एक्सप्लोरर प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये राहून तो सुरू करतो. त्यामुळे विंडोजवर शिकून आलेल्या मुलाला हा फरक अधिकच गोंधळात टाकतो. फाइलीचा पत्ता गृहीत धरायचा नाही, ही शिस्त इथे अंगी लागते.

याच प्रकरणात दुसऱ्याच्या संगणकाची गोष्ट येते. नव्या सिस्टिमवर कंपायल केलेला प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमवर गेला, तर ग्लिबसी या मूळ लायब्ररीची हवी ती आवृत्ती नसल्याने तो अडतो. ३२ बिटचा प्रोग्रॅम फक्त ६४ बिटच्या लायब्रऱ्या असलेल्या लिनक्सवर चालवला, तर ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’ असे उत्तर येते. फाइल तर डोळ्यांसमोर असते. खरे तर तिला मेमरीत उतरवणारा लोडर सापडलेला नसतो. टर्मिनलमध्ये निदान हे वाक्य वाचायला मिळते, डबल-क्लिकला तेही मिळत नाही. म्हणून पुस्तिकेचा पहिला नियम असा आहे: डबल-क्लिकला उत्तर मिळाले नाही, तर तीच फाइल टर्मिनलमधून चालवून पाहा आणि येणारे वाक्य अक्षरशः वाचा.

पाचवा धडा विश्वासाचा, आणि तो सर्वांत कठीण. फाइल मॅनेजरने प्रत्येक प्रोग्रॅम डबल-क्लिकसरशी चालवावा, असे सुरुवातीला वाटते. पण मे २००० मध्ये प्रेमपत्राचे नाव धारण करून आलेल्या ‘आय लव्ह यू’ विषाणूने जगभरचे संगणक बेजार केले. त्यात विंडोज फाइलीच्या नावाची शेपटी लपवते, याचाच फायदा घेतलेला होता. वाचायची फाइल समजून लोकांनी क्लिक केले आणि प्रोग्रॅम चालला. लिनक्सही यातून सुटले नाही. गनोम डेस्कटॉपच्या नॉटिलस या फाइल मॅनेजरमध्ये एक दोष होता. डॉट-डेस्कटॉप फाइलीला (प्रोग्रॅम कसा चालवायचा ते सांगणारी मजकुराची फाइल, तिची ओळख पुढे येईल) पीडीएफचे नाव आणि रूप देऊन तिच्याकरवी भलतीच आज्ञा चालवता येत असे. तो २०१७ साली सुरक्षा-दोष म्हणून नोंदवला गेला. त्यानंतर वापरकर्त्याने विश्वास व्यक्त केल्याखेरीज अशी फाइल चालवायची नाही, असे धोरण आले. पुढच्या वर्षी नॉटिलसच्या विकासकांनी प्रोग्रॅम चालवण्याची सोयच काढून टाकण्याचे ठरवले होते. आक्षेप आले, तेव्हा ती परत आणली. मला दोन्ही बाजू पटतात. फाइल मॅनेजर हे कागदपत्रे पाहण्याचे साधन आहे आणि पाहता पाहता अनोळखी प्रोग्रॅम चालू लागणे धोक्याचे आहे. पण ज्याने प्रोग्रॅम स्वतः लिहिला, त्याला तो स्वतःच्या डेस्कटॉपवरून चालवता आला पाहिजे. मॅकवर, विंडोजवरही इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर खूण करून ती पहिल्यांदा चालवताना विचारणा होते, ती याच पेचातून.

या पाचही धड्यांचे एकत्र उत्तर म्हणजे डॉट-डेस्कटॉप फाइल. शेवटची दोन प्रकरणे तिच्यावर आहेत. ही साधी मजकुराची फाइल असते, कोणत्याही एडिटरमध्ये लिहिता येते. ‘एक्झेक’ या ओळीत प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्यायचा. ‘पाथ’ या ओळीत चालू फोल्डर कोणते ते सांगायचे. ‘टर्मिनल’च्या पुढे ‘ट्रू’ लिहिले, की खिडकीचा प्रश्न मिटतो. ‘आयकॉन’मध्ये चित्र. फाइल वापरकर्त्याच्या ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरमध्ये ठेवली, की प्रोग्रॅम इतर सर्व ॲप्लिकेशनांच्या रांगेत मेन्यूमध्ये दिसतो. डेस्कटॉपवर ठेवली, तर उबुंटूमध्ये उजव्या क्लिकने तिला चालवण्याची मुभा द्यावी लागते, आणि ती देताना आपण विश्वास टाकतो आहोत, याची जाणीव राहते. प्रोग्रॅमला हव्या असलेल्या गोष्टी त्याच्या लेखकाने स्पष्ट शब्दांत सांगितल्या, म्हणजे फाइल मॅनेजरला तर्क करत बसावे लागत नाही.

या फाइलीतली एक सोय कुंभकोणमच्या विद्यार्थ्याने अवश्य वापरावी. ‘नेम’ या शब्दापुढे चौकटी कंसात भाषेचे संकेताक्षर लिहून त्या भाषेतले नाव देता येते. एकाच फाइलीत इंग्रजी नाव, तमिळ नाव आणि मराठी नाव असू शकते. ज्याचा डेस्कटॉप ज्या भाषेत, त्याला प्रोग्रॅम त्या भाषेत दिसतो. गनोम आणि केडीई हे दोन्ही डेस्कटॉप तमिळ व मराठीत वापरता येतात. इथून तंजावर जवळच आहे. त्या तंजावरात सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देवनागरी छापखाना उभारून मराठी पुस्तके छापली. मुंबई-पुण्यात मराठी मुद्रण रुजण्याआधीचे ते काम. त्या प्रांतातल्या मराठी घरातली मुलगी आपल्या प्रोग्रॅमला मराठी आणि तमिळ या दोन्ही भाषांत नाव देते, तेव्हा तो घरात आजीला आणि वर्गात मैत्रिणीला सारख्याच सहजतेने वापरता येतो.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत प्रोग्रॅम आणि उत्तर लिहून घेतल्यावर आणखी एक पान ठेवा: हा प्रोग्रॅम दुसऱ्या विद्यार्थ्याच्या संगणकावर डबल-क्लिकने चालवून दाखवा आणि वाटेत आलेली प्रत्येक अडचण कारणासह नोंदवा. त्या एका पानातून मूल परवानगी, ओळख, फोल्डर आणि लायब्ररी समजून घेईल. डेस्कटॉप घडवणाऱ्यांकडेही मागणे आहे. सुरक्षिततेसाठी नकार द्या, पण मूकपणे देऊ नका. प्रोग्रॅम का चालला नाही, हे वापरकर्त्याच्या भाषेत एका ओळीत सांगा. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही ओळ लिहिण्याचा, तिचे मराठीत किंवा तमिळमध्ये भाषांतर करण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, आणि वाचकांपैकी कुणी तो बजावला तर ते मोठेच काम होईल.

ही पुस्तिका संगणकासमोर बसूनच वाचावी. प्रत्येक प्रकरणातला प्रयोग करून पाहावा, मुद्दाम बिघडवून पाहावा, आणि ‘विभाजन’च्या जागी आपला स्वतःचा प्रोग्रॅम घ्यावा. तो दुसऱ्याच्या हातात गेला आणि तुम्ही शेजारी नसतानाही चालला, म्हणजे तुमचे काम पूर्ण झाले असे समजा.